घड्याळाची तक्रार

आमच्या ऑफिसच्या कंपाउंडमागे एक मोहाचं झाड आहे. वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, सावलीत तेवढ्या स्कूटर लावतात. मग होळी उलटते आणि एका सकाळी ते झाड स्वतःहून हजेरी लावतं. फुलं सीटवर पडलेली, हेल्मेटमध्ये पडलेली, शिपायाच्या चपलेत पडलेली. चंद्रपूरच्या कोळशाला आणि धुळीला न जुमानता तो गोड, जरासा आंबूस वास खिडकीतून आत येतो आणि माझी बोटं की-बोर्डवर थांबतात. या वासानं माणसाला जंगल आठवावं, गाव आठवावं, निदान दारू तरी आठवावी. मला आठवतं हैदराबादचं एक एसी सभागृह आणि त्यात चादर पांघरून बसलेले दुलसाभाऊ.

मी प्रोग्रॅमर आहे. हे वाक्य पुण्यात बोललं तर लोक 'अच्छा' म्हणून दुसरा विषय काढतात. आमच्याकडे बोललं तर लोक घरातून प्रिंटर घेऊन येतात. राजुऱ्याचे काका टीव्हीचा रिमोट आणतात, शेजारच्या बाईंनी एकदा मिक्सर आणला होता. एका साक्षगंधात तर नवरदेवाच्या मामानं मला हात धरून कोपऱ्यात नेलं. मला वाटलं, स्थळ आणलंय. त्यांना मोबाईलमधले उडालेले फोटो परत हवे होते.

माझे वडील माजरीच्या खाणीत फिटर होते. पाळी संपली की ते आणि त्यांचे तीन मित्र टपरीवर चहा घेत एका बिघडलेल्या पंपाबद्दल तासभर बोलायचे. त्या पंपाला बिघडायचा काय मान होता. मला त्या चौघांचा फार हेवा वाटायचा, कारण माझ्या बिघाडांबद्दल बोलायला मला दोन जिल्ह्यांत कुणी नव्हतं. आई म्हणायची, "दिवसभर त्या डब्ब्यासंग बोलत राह्यते, अन् घरी आली का मुकी." आईचं बरोबर होतं. सांगणार कुणाला, आणि काय?

आणि त्या वर्षी सांगण्यासारखं एक होतंच. ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

भामरागडकडे पावसाळ्यात नदी पुलावर चढली की पलीकडची गावं तुटतात. रस्ता जातो, रेंज तर आधीच नसते. म्हणून ज्या बायांचे दिवस भरत आलेत त्यांना पाणी चढायच्या आधीच अलीकडे, दवाखान्याजवळ आणून ठेवायचं असतं. कुणाला कधी आणायचं याची यादी गावोगावच्या आशाताई आणि ग्रामसभेचे सचिव आपापल्या फोनमध्ये भरतात. गावात रेंज नाही, म्हणून नोंद फोनातच राहते. आठवड्यातून एकदा सगळे फोन रेंजच्या टेकडीवर जातात आणि तिथे एकमेकांशी मेळ घालतात. हा मेळ घालणारा प्रोग्रॅम माझा. एकाच बाईच्या दोन वेगळ्या नोंदी निघाल्या तर खरी कुठली? मी ठरवलं, नंतरची खरी. चार ओळींचा नियम. लिहून झाल्यावर मी स्वतःलाच चहा पाजला होता.

फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. जिथे वीज दिवसचे दिवस येत नाही तिथे फोन मरतो, पुन्हा जिवंत होतो आणि तारीख विचारतो. माणूस सुचेल ती तारीख टाकतो आणि कामाला लागतो. एक फोन असाच दोन वर्षं पुढे निघून गेला होता. त्यातली प्रत्येक नोंद 'नंतरची', म्हणजे खरी. रांजी नावाच्या मुलीला आठवा महिना लागल्याची नवी नोंद आशाताईनं वेळेवर केली होती. पण त्या पुढारलेल्या फोनात तिचा सहावा महिना होता, जुना, आणि माझ्या नियमानं तोच जिंकला. रांजीचं नाव यादीतून घसरलं. मग नदी चढली.

'रांजी पलीकडेच राहिली' एवढा निरोप आला आणि पुढे सगळं बंद. पाच दिवस. तिच्या सासऱ्यानं गावातल्या दोघांना घेऊन डोंगा काढला, भरल्या पाण्यातून तिला अलीकडे आणलं, आणि काठावरच ताडपत्रीखाली मुलगा झाला. दोघंही सुखरूप. पण 'दोघंही सुखरूप' हे मला सहाव्या दिवशी कळलं. आधीचे पाच दिवस मी काय खाल्लं, कुणाशी काय बोलले, मला आजही आठवत नाही.

नंतर मी कारण शोधलं आणि सगळ्यांना सांगितलं, "फोनचं घड्याळ चुकलं." हे खरंच होतं. खऱ्याचा अर्धा भाग माणूस किती ठणकावून सांगू शकतो ते मला तेव्हा कळलं. ती बातमी टेकडी उतरून गावात गेली, आणि पुढच्या मोहाच्या हंगामात तिच्यामागून एक माणूस उलटा माझ्या दारात आला. रांजीचे सासरे, गावच्या ग्रामसभेचे सचिव, दुलसा पुंगाटी. खांद्यावर वाळवलेल्या मोहाची पिशवी.

"बाई, तुमी त्या कम्प्युटर बनवनाऱ्या लोकाइच्या सभेत जाऊन राह्यल्या म्हनते."

मी म्हटलं, हो. हैदराबादला दोन दिवसांची कॉन्फरन्स होती. माझं वीस मिनिटांचं भाषण त्यांनी स्वीकारलं होतं आणि सोबत एक सहकारी आणायची मुभा दिली होती.

"तिथी घड्याळवाला येते का?"

"कोण घड्याळवाला?"

"फोनाचं घड्याळ बनवते तो. मले त्याले भेटाचं आहे. भांडन नाई करत. फक्त विचारतो, काऊन असं केलं म्हनून."

मोह वेचायचे दिवस म्हणजे त्यांच्याकडे घरातलं एक माणूसही इकडचं तिकडे होत नाही. पहाटेपासून सगळे झाडाखाली. ते सोडून हा माणूस घड्याळवाल्याला शोधायला निघाला होता. घड्याळवाला असा कुणी नसतो हे मला सांगता आलं असतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. मी त्यांचं तिकीट काढलं.

हैदराबादच्या त्या चकचकीत इमारतीच्या दारात रखवालदारानं आमची पिशवी उघडली, नाक आत घातलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी डिग्री दाखवावीशी वाटली. दुलसाभाऊ तेलुगूत काहीतरी बोलले. सिरोंच्याकडच्या नात्यागोत्यामुळे त्यांना ती भाषा येते. रखवालदाराचा चेहरा पालटला. "इप्पा पुव्वु?" म्हणाला, मूठभर फुलं घेतली, डोळे मिटून हुंगली आणि खिशात टाकली. तो निघाला आदिलाबादकडचा, आणि त्याच्या घरामागेही मोहाचं झाड होतं. कॉन्फरन्समधला आमचा पहिला मित्र असा दाराबाहेरच झाला. दोन दिवस आमच्या पिशवीला त्या इमारतीत कुणी हात लावला नाही.

आत नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला गळ्यात घालायचं कार्ड मिळत होतं. वर नाव, खाली कशाबद्दल बोलायला आवडेल तो विषय. मी 'डेटाबेस' लिहिलं. टेबलावरच्या मुलीनं दुलसाभाऊंना विचारलं, मी भाषांतर केलं. ते म्हणाले, "घड्याळाची तक्रार आहे." मुलीनं पेन उचललं आणि ठळक इंग्रजी अक्षरांत जसंच्या तसं लिहून दिलं.

दोन दिवसांत माझ्याशी डेटाबेसबद्दल एकही माणूस बोलला नाही. दुलसाभाऊंभोवती मात्र पहिल्या चहालाच गर्दी. एक जण कार्ड वाचून थबकला आणि हिंदीत म्हणाला, "माझीपण आहे." दुलसाभाऊंनी त्याचा हात धरला.

"तुमच्याइकडं बी बाई अडकली काय?"

नाही, त्याच्याकडे बसची तिकिटं अडकली होती. कालच्या गाडीचं तिकीट आज विकलं जात होतं. दुलसाभाऊंनी खूप विचार केला आणि काळजीनं विचारलं, "मंग तो मानूस गेला कसा?" पोट धरून हसला तो माणूस. मग दुसरा आला, तिसरी आली. घड्याळानं कुणाचा पगार दोनदा केला होता, कुणाचं पार्सल निघायच्या आधी पोचवलं होतं. अख्ख्या धंद्याचं हे जुनं दुखणं आहे, पण आजवर ते कुणी गळ्यात अडकवून फिरलं नव्हतं. एसीनं गारठून दुलसाभाऊंनी चादर काढून पांघरली होती, आणि ती पांघरून ते एकेकाची तक्रार ऐकत होते, मध्ये मध्ये मोह वाटत होते. मी चहाचा कप धरून बाजूला उभी होते. टपरीवरच्या त्या चार फिटरांच्या इतक्या जवळ मी याआधी कधी पोचले नव्हते. आणि मला आनंद होण्याऐवजी रडू येत होतं, कारण यातलं एकही घड्याळ खरं गुन्हेगार नव्हतं हे मला ठाऊक होतं.

माझं भाषण दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, सगळ्यात लहान खोलीत. आम्ही दोघं धरून अकरा माणसं. त्यातली दोन भिंतीतल्या प्लगजवळ फोन चार्ज करायला बसलेली, एक बाई चुकून आलेली आणि संकोचानं उठता न आलेली. मागच्या रांगेत मूर्ती सर म्हणून पिकल्या केसांचे एक गृहस्थ होते, ते उघडउघड झोपायलाच आले होते. बाकीचे कार्डामुळे आलेले. त्यात कोचीची लीना होती आणि कोल्हापूरचा अभिजित. त्याच्या मराठीबद्दल दुलसाभाऊंनी मला हळूच विचारलं होतं, "हा कोनत्या देशाचा मराठी?"

मी इंग्रजीत सुरुवात केली. इंग्रजीची एक मोठी सोय आहे, कर्ता गाळता येतो. 'विसंगती आढळून आली', 'नोंद वगळली गेली' अशी वाक्यं मी छान ओळीत लावली होती. दुसऱ्या स्लाईडला पुढच्या रांगेतून आवाज आला, "बाई, सुनेचं सांगितलं काय?"

खोलीत सगळे विचारायला लागले, हे काय म्हणतायत? दुलसाभाऊ उठले आणि त्यांनी आपली खुर्ची फिरवली. मग शेजारच्याची.

"एकमेकाच्या पाठीसंग काय बोलाचं? गोल बसा."

अभिजितनं हसत हसत हिंदीत सांगितलं आणि स्वतः खुर्च्या ओढायला लागला. "बसा की राव. एवढं लांबनं आलंय माणूस." प्लगवाले दोघे फोन काढून आले. मूर्ती सर खुर्चीसकट ओढले गेले. मग दुलसाभाऊंनी त्यांच्या ग्रामसभेचा नियम सांगितला. त्यांच्या गावात बोलायला उभं राहिलं की आधी आपल्याआधी बोललेल्या माणसाचं म्हणणं एका वाक्यात परत बोलायचं आणि मगच आपलं. आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. 'पाच मिनिटं राहिली' अशी पाटी घेऊन आलेल्या स्वयंसेवकालाही त्यांनी पाटीसकट बसवून घेतलं.

पहिलं ते स्वतःच बोलले. "माही सून नदीच्या पलीकडं राह्यली. कारन फोनाचं घड्याळ चुकलं. कोन बनवते ते घड्याळ, मले सांगा."

डाव्या हाताला मी होते, म्हणजे पुढची पाळी माझी. आणि नियमाप्रमाणे आधी त्यांचं वाक्य मला परत बोलायचं होतं. "दुलसाभाऊंची सून नदीच्या पलीकडे राहिली," मी म्हटलं, "कारण." आणि तिथेच अडले. सगळ्यांना वाटलं मी वाक्य विसरले. लीनानं तर दयेनं 'क्लॉक' असं पुटपुटून मला मदतही केली.

"कारण मी," मी म्हटलं. "घड्याळ चुकलं, ते तर चुकणारच होतं. त्या घड्याळावर विश्वास ठेवा, असं मी लिहिलं होतं. घड्याळवाला कुणी नाही, भाऊ. मीच आहे. सहा महिने तुमच्याशी अर्धंच बोलले."

दुलसाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग चादर सारखी केली आणि म्हणाले, "बाईनं सांगितलं. आता फुडचा."

पुढे लीना. तिनं माझं वाक्य परत बोललं, मग स्वतःची एक चूक सांगितली, अशी की तिच्या ऑफिसात आजवर कुणाला माहीत नव्हती. अभिजितनं तिची सांगून आपली सांगितली. चूक पुढे सरकत गेली. चुकून आलेल्या बाईंनी तर सगळ्यांत मोठी सांगितली. पाळी मूर्ती सरांवर आली तेव्हा ते घोरत होते. अभिजितनं कोपर मारून उठवलं. ते म्हणाले, मी माझ्या अनुभवावरून सांगतो. दुलसाभाऊंनी हात वर केला. "आधी त्या बाईनं काय सांगितलं ते सांगा."

ते मूर्ती सरांना सांगता येईना.

"ज्यानं ऐकलं नाई त्याची पाळी मागं," दुलसाभाऊ म्हणाले. "मोठा असो का लहान. आधी ऐका, मंग बोला." आणि त्यांनी त्या पिकल्या केसांच्या माणसाला शेवटच्या, म्हणजे पाटीवाल्या पोराच्याही नंतरच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. मूर्ती सर तिथे कान लाल करून, पडद्यावर तशीच राहिलेली माझी रांजीच्या दोन नोंदींची स्लाईड वाचत बसले. दोघं बोलून झाले आणि ते एकदम उभे राहिले.

"थांबा," ते हिंदीत म्हणाले. "हेच आहे तुमच्या प्रोग्रॅमचं उत्तर."

कोण शेवटी बोललं ते विचारूच नका, ते म्हणाले. कोण कुणाचं ऐकून बोललं ते विचारा. प्रत्येक नोंदीनं आपल्याबरोबर आधीच्या नोंदीची खूण ठेवावी, मी हिचं ऐकलंय म्हणून. आठव्या महिन्याची नोंद करणाऱ्या आशाताईनं सहावा पाहिलेला होता. सहाव्यानं आठवा पाहिलेला नव्हता. तारीख काहीही असो, ज्यानं ऐकलं नाही त्याची पाळी मागे. आणि दोघांनीही एकमेकांचं ऐकलेलं नसेल तर नाव यादीतून काढायचं नाही, माणसाला विचारायचं. पुस्तकात ही गोष्ट मोठाल्या नावानं असते आणि मी ती कॉलेजात परीक्षेपुरती पाठही केली होती. पण एका माणसाला झोपल्याबद्दल मागे बसवताना पाहिल्याशिवाय ती मला कळली नव्हती.

आमच्यानंतरचा वक्ता येऊन दारात उभा राहिला, आणि दुलसाभाऊंनी त्यालाही बसवलं.

संध्याकाळी बाहेर पायरीवर बसून उरलेला मोह संपवताना मी त्यांना विचारलं, "भाऊ, राग नाही आला?"

"आला ना."

"मग बोलला काही नाहीत."

"तुमची पाळी झाली होती, बाई. दुसऱ्याची चालू होती." मग फुलाचा केसर काढून टाकत म्हणाले, "अन् आता करा दुरुस्त. पानी येते जूनमंदी."

परत आल्यावर आईनं विचारलं, "काय आनलं तिथून?" कापडी पिशवी, दोन पेनं आणि नऊ माणसं, मी म्हटलं. आईला पिशवी आवडली. त्या नऊ जणांचा आणि आमचा फोनवर एक ग्रुप झाला. नाव अर्थातच 'घड्याळाची तक्रार'. मोहाची फुलं संपली, मोहाला टोळ्या, म्हणजे फळं, धरल्या, तेंदूची पानं निघाली, आणि त्या सबंध उन्हाळ्यात मी एकटी नव्हते. लीना माझा प्रोग्रॅम वाचून चुका काढायची, अभिजित मुद्दाम दहा फोनांची दहा घड्याळं बिघडवून तपासायचा. मूर्ती सर निवृत्त होते, त्यांना वेळच वेळ. ते माझ्या एका ओळीवर तासभर बोलायचे, आणि मीही त्यांच्याशी तासभर बोलायचे. आई दारातून डोकावून जायची. मी मुकी नव्हते एवढं तिला पुरे होतं.

पाऊस आला. नदी पुलावर चढली त्या दिवशी मी ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसून होते. ग्रुपवर कोचीहून विचारणा, पूल बुडाला का? कोल्हापूरहून विचारणा, काय कळलं का ओ? ज्यांनी ती नदी कधी पाहिली नाही अशी माणसं दिवसभर तिच्या पाण्याची चौकशी करत होती. दुपारी टेकडीवरून दुलसाभाऊंचे दोनच शब्द आले. "सगळ्या अलीकडं."

मूर्ती सरांना मराठी येत नाही. त्यांनी अर्थ विचारला नाही, फक्त लिहिलं, 'ऐकलं.' मग एकेकानं तेच लिहिलं, नऊ वेळा, ज्याच्या त्याच्या भाषेत. मी की-बोर्डवर डोकं ठेवून रडले. शिपायानं घाबरून विचारलं, "मॅडम, प्रिंटर बिघडला काय?"

आता पुन्हा खिडकीबाहेर मोह पडतोय. दुलसाभाऊंच्या फोनचं घड्याळ अजून तसंच आहे. रेंजवर आलं की सुधारतं, गावात बॅटरी मेली की पुन्हा बिघडतं, आणि ते आपल्या मनानं तारीख टाकतात. मी दुरुस्त करून देते म्हटलं तर म्हणाले, "राहू द्या. आता दुसऱ्याचं ऐकते ना तो, बस." काल त्यांनी टेकडीवरून फोटो पाठवला. अंगणात चटईवर वाळत घातलेला मोह, आणि त्याच्या मधोमध बसून दोन्ही मुठींनी फुलं तोंडात कोंबणारा रांजीचा मुलगा. फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापलेली होती, आजपासून बरोबर दोन वर्षं पुढची. ती आधी लीनाला दिसली, मग सगळ्यांना. कुणी दुरुस्त केली नाही. त्या तारखेप्रमाणे आणखी दोन वर्षांनीही मोह फुललेला आहे, पोरगं धडधाकट आहे, आणि दुलसाभाऊ तो फोटो आम्हालाच पाठवतायत.